छत्री ओली नि तू कोरडा: हे गाणं कुणी ऐकलंय का?

चौथी_सीट | सोमवार, रात्री १०:५२

लोकहो, एका गाण्याने चार दिवस पिच्छा पुरवलाय, म्हणून हा धागा.

गुरुवारी संध्याकाळची सीएसएमटीहून सुटणारी डोंबिवली फास्ट. लेडीज डबा, नेहमीप्रमाणे चौथी सीट, म्हणजे अर्धं बूड बाकावर नि अर्धं हवेत. शेजारी विशीतली एक मुलगी मोबाइलवर व्हिडिओ कापत-जोडत बसलेली. इअरफोनचं काहीतरी बिनसलं असावं, कारण आवाज बाहेर, आणि तोही सात-आठ सेकंदांचा एकच तुकडा. पुन्हा पुन्हा. भायखळ्यापर्यंत वैताग आला. दादरला "अगं बंद कर ते" म्हणायला तोंड उघडलं नि नेमके शब्द कानात शिरले:

छत्री ओली नि तू कोरडा,
कुठं पडला रे पाऊस?

तोंड मिटलं. घाटकोपर येईपर्यंत तो तुकडा तीसेक वेळा तरी ऐकला असेन. शेवटी विचारलंच, "कुणाचं गं?" "मैत्रिणीचं. परवाच टाकलंय." पुढचं विचारणार तोवर ठाणं आलं. ठाण्याला उतरणाऱ्यांच्या लोंढ्यात माणसं हरवतात, नाव विचारायचं राहिलं तर नवल नाही.

घरी येऊन गाणं ओळखणाऱ्या ॲपला दोन ओळी गुणगुणून दाखवल्या. त्याने एक पंजाबी गाणं काढून दिलं. (माझ्या गळ्याबद्दल यावरून काय ते समजा.) काल शब्द टाइप करत बसले तेव्हा सापडलं. साडेतीन मिनिटं, एक बाई, एक गिटार, तबला, मागे तंबोरा. ऐकलेल्यांचा आकडा अजून चार अंकी झालेला नाही. नाव नि लिंक इथे टाकत नाही. मागे एका धाग्यावर लिंक टाकली तर जाहिरात म्हणून धागाच उडाला. हवी असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

गाण्यातली गोष्ट एवढीच: तो रात्री घरी येतो. छत्री दाराबाहेर ठेवतो, तिचं पाणी जिन्यावर ओघळतंय. शर्ट कोरडा. म्हणतो, दिवसभर ऑफिसातच होतो. हिच्या गल्लीत दिवसभर धूळ. ती काही विचारत नाही, ताट वाढते. दुसऱ्या कडव्यात "तू खरं सांगतोस तेव्हाही मी घड्याळ बघते". तिसऱ्यात फोन: "झोपल्यावर तरी उताणा ठेव ना फोन". मग ध्रुवपद, आणि 'कुठं'वरच गाणं तुटतं.

फसवल्या गेलेल्या माणसाची गाणी ढिगाने आहेत. त्यांत फसवणूक झालीय हे निदान गाणाऱ्याला तरी ठाऊक असतं. इथे हिला ठाऊक नाही, आपल्यालाही नाही. मला ती बाई अजिबात आवडली नाही. पण ओळखीची वाटली.

तुम्हाला काय वाटतं, तो खोटं बोलतोय का?

---

ढ_मुलगा | सोमवार, रात्री ११:०६

छत्री ओली आणि माणूस कोरडा. ताई, यालाच छत्री म्हणतात.

---

कांदाभजी | सोमवार, रात्री ११:०९

=)) =)) धागा इथेच संपला. कुलूप लावा.

---

चौथी_सीट | सोमवार, रात्री ११:१५

@ढ_मुलगा, हसून घ्या. पण हे तुम्ही म्हणालात नि मी गाणं परत लावलं. खरंच की! छत्रीने तिचं काम चोख केलंय, नवरा न भिजता घरी आलाय, आणि त्याच्या न भिजण्याचाच ती पुरावा करतेय. भिजून आला असता तर "छत्री होती ना, मग भिजलास कसा?" ही ओळ आली असती. त्या माणसाला सुटका नाही.

---

मध्यलय | मंगळवार, सकाळी ७:२०

व्यनिबद्दल आभार. रात्री तीनदा ऐकलं, सकाळी रियाजाऐवजी पुन्हा तेच.

शब्दांवर बोलणारे बोलतीलच, मी तालावर बोलतो. ताल रूपक आहे. सात मात्रा, तीन-दोन-दोन. इतर तालांत सम (पहिली मात्रा) म्हणजे टाळी, वजन, घरी पोचल्याची खूण. रूपकात समेवर खाली असते, म्हणजे टाळी नाही. ती ती ना म्हणताना डग्गा गप्प. ज्या जागी जमीन लागायला हवी तिथे पाय पोकळीत पडतो. तिने 'कुठं' हा शब्द बरोब्बर त्या मात्रेवर ठेवलाय. प्रत्येक वेळी. आणि शेवटी तिथेच सोडून दिलंय. हे चुकून होत नाही.

सूर मारवा रागाचे. पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र. षड्ज आहे, पण मारवा गाणारा त्यावर टेकायचं होता होईतो टाळतो, रिषभ-धैवतावरच घुटमळतो. तंबोऱ्याची तार पंचमाला लावता येत नाही, निषादाला नाही तर धैवताला लावतात. इथे निषादाला लावलीय असं वाटतं. दिवस मावळतानाचा राग, माणसं घरी परतायच्या वेळेचा, आणि यात सूर काही केल्या घरी येत नाही. गिटारवाल्याने बिचाऱ्याने शहाणपणा करून कॉर्ड भरलेले नाहीत, दोनच तारा वाजवत बसलाय.

---

सूरपेटी | मंगळवार, सकाळी ९:४१

मध्यलय, आदर राखून असहमती. सूर तेच आहेत, पण मारवा नाही, पूरिया आहे. "घड्याळ बघते"वर ती कुठे थांबते ऐका. गंधार. मग निषाद. मारव्यात रिषभ-धैवत बोलतात, पूरियात गंधार-निषाद.

---

मध्यलय | मंगळवार, सकाळी ९:५८

ते कडव्यात. ध्रुवपद ऐका. "कोरडा"चा 'डा' धैवतावर उभा आहे, कान टोचून.

---

कांदाभजी | मंगळवार, सकाळी १०:०३

आणि वरच्या सप्तकात तेच सूर गेले की सोहनी. माझी आत्या शिकवायची: मारवा, पूरिया, सोहनी, सूर तेच, फक्त राहण्याचे पत्ते वेगळे. म्हणजे तो माणूस कुठल्या पत्त्यावर होता हाच प्रश्न झाला ना? ह.घ्या.

---

सूरपेटी | मंगळवार, सकाळी १०:१०

आत्याबाईंना दंडवत. माघार घेत नाही, पण दंडवत.

---

जुनाजाणता | मंगळवार, दुपारी १२:३०

ऐकलं. यात एवढं काय आहे कळलं नाही. हल्ली ज्याच्या घरी माइक तो संगीतकार. तिसऱ्या कडव्यात मागे चक्क कुकरची शिट्टी वाजते. स्टुडिओ परवडत नसेल तर थांबावं, घाई काय आहे? आमच्या वेळी एका रेकॉर्डिंगला पन्नास वादक असत.

---

अर्धा_कप | मंगळवार, दुपारी १:०५

शिट्टीबद्दल माहिती देऊ शकतो, कारण माझं पोटच आवाजावर चालतं. अंधेरीत पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये साउंड करतो.

मुंबईत घरी गाणं रेकॉर्ड करायचं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढलेला, खिडक्यांना रजया, नाही तर कपड्यांच्या कपाटात तोंड खुपसून गायचं. लटकलेले कपडे प्रतिध्वनी पितात, फुकटचा स्टुडिओ. रुळांजवळ राहत असाल तर शेवटची लोकल गेल्यापासून पहिली सुटेपर्यंतचे तीन-चार तास तुमचे, त्यातही कुत्री. शिट्टी हवी नसती तर टेक पुन्हा घेता आला असता. मी हेडफोन लावून नीट ऐकलं. शिट्टी "उताणा ठेव ना"च्या आधी येते, डाव्या कानात, नि तिच्यानंतर गायिका अर्धी मात्रा उशिरा उठते, जणू गॅस बारीक करून आली. माझ्या मते मुद्दाम ठेवलीय. मुद्दाम नसेल तर तिचं नशीब थोर.

बाकी गाण्याबद्दल लिहायचं आहे. जमेल तेव्हा लिहितो.

---

वामकुक्षी | मंगळवार, दुपारी ३:१७

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातल्या आठ नायिका आठवल्या. त्यांतली खंडिता म्हणजे जिचा प्रियकर रात्र दुसरीकडे घालवून सकाळी उगवतो, अंगावर खुणा घेऊन. ती चिडते, कारण खुणा समोर आहेत. विप्रलब्धा संकेतस्थळी वाट बघत राहते, तो येतच नाही. तिच्याही हातात काहीतरी आहे. आठांपैकी एकीलाही शंकेवर दिवस काढायला लावलेले नाहीत. या गाण्यातली नववी म्हणावी लागेल. भरताच्या काळी लास्ट सीन नव्हतं ना! २०१४ च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपच्या निळ्या टिका आल्या, तेव्हापासून या नववीची घरोघरी भरती सुरू आहे. टिक निळी झाली नाही तरी चिंता, होऊन उत्तर आलं नाही तर जास्तच.

आणखी एक. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर. पारीच्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. त्यांत नवरा, सवत, सासर सगळं आहे, पण सांगायचं ते जात्याला. नवऱ्याला नव्हे. या गाण्यातही ती 'तू' म्हणते, पण त्याला एक अक्षर ऐकू जात नाही. आता जातं नाही, म्हणून मोबाइलला सांगितलं नि आपण सगळ्यांनी ते चोरून ऐकलं.

---

चौथी_सीट | मंगळवार, दुपारी ४:०२

वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

सांताक्रूझचा_बाबा | मंगळवार, रात्री ८:४४

छत्रीवर मी बोलायलाच हवं. मुंबईत "इकडे पाऊस नव्हता" हा कशाचाही पुरावा होऊ शकत नाही.

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३ च्या आसपास. एकच शहर! मी तेव्हा फोर्टात नोकरीला. दुपारी खिडकीतून बघतो तर नेहमीचा पाऊस. घरून बायकोचा लँडलाइनवर फोन: कलिन्यात कमरेइतकं पाणी, लवकर निघ. मी म्हणालो, "काहीतरीच काय, इथे तर छत्रीसुद्धा लागत नाहीये." तिला वाटलं मी टाळतोय, मला वाटलं ती वाढवून सांगतेय. मग फोन बंद पडले, लोकल बंद पडल्या. मी दादरहून चालत निघालो, आणि माहीमनंतर तिच्या एकेका शब्दावर विश्वास बसत गेला, आधी घोट्याइतका, मग गुडघ्याइतका. पहाटे घरी पोचलो. दार उघडून तिने पहिलं वाक्य म्हटलं ते आजही तोंडपाठ आहे: "आता सांग, लागते का छत्री?"

तेव्हा गाण्यातल्या बाईला माझा निरोप: त्याचं ऑफिस कुठे आहे ते आधी सांग, मग बोलू.

---

ढ_मुलगा | मंगळवार, रात्री ८:५१

बाबा __/\__ "घोट्याइतका विश्वास"

---

काळा_कोट | मंगळवार, रात्री १०:२६

घटस्फोटाची प्रकरणं चालवते, वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात जाणं-येणं रोजचं. गाणं ऐकून पहिल्यांदा वाटलं, बाई, छत्रीचा फोटो काढलास का? आमच्याकडे येणारे सगळं काढून आणतात. स्क्रीनशॉट, टॅक्सीच्या पावत्या, रेकॉर्डिंग.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की जोडीदाराचं त्याच्या नकळत केलेलं फोन रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालू शकतं. त्याआधी पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने उलट म्हटलं होतं. नवरा-बायकोतलं बोलणं जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १२२ ने राखलेलं असतं, पण दावा त्या दोघांतलाच असेल तर त्या कलमातच अपवाद आहे. असं चालू दिलं तर घराघरांत पाळत सुरू होईल, हा युक्तिवाद झाला होता. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की एकमेकांवर पाळत ठेवण्यापर्यंत गोष्ट आली असेल तर तेच नातं मोडल्याचं लक्षण आहे.

म्हणून एक विनंती. 'चालू शकतं' याचा अर्थ 'करा' असा वाचू नका. हा निकाल आल्यापासून "मॅडम, आता रेकॉर्ड करू ना?" असं विचारणारे वाढलेत, आणि मी दरवेळी विचारते: समजा काहीच सापडलं नाही, तर बरं वाटेल का? बरेचजण गप्प बसतात. एक बाई म्हणाल्या होत्या, "नाही. मग अजून शोधावं लागेल."

---

अर्धा_कप | बुधवार, पहाटे २:१८

वरची शेवटची ओळ वाचली, आता लिहितोच.

मी छत्रीवाला. माझं काम रात्रीचं. रिलीज जवळ आली की पहाटे चारला घरी. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सुरू झालं. ती फोन करायची, बोलायची थोडं, ऐकायची जास्त. मागचे आवाज. एसी, खुर्ची, कुणाचं हसणं. माझाच धंदा ती माझ्यावर करत होती. मला आधी गंमत वाटली, मी फोन स्पीकरसमोर धरून सीन ऐकवायचो. मग लाइव्ह लोकेशन. मग निघताना स्टुडिओच्या घड्याळाचा फोटो, रिक्षाच्या मीटरचा फोटो, सोसायटीच्या गेटचा फोटो. ती मागायची नाही हो, मीच पाठवायचो. एक दिवस म्हणाली, "एवढे पुरावे ठेवतोस? ज्याला काही लपवायचं नसतं तो एवढे पुरावे ठेवतो का?"

यावर उत्तर नाही. मी अजून शोधतोय.

आता वेगळे राहतो. तिला काही सापडलं नाही, कारण सापडायला काही नव्हतं. हे शेवटचं वाक्य वाचताना तुमच्यातल्या अर्ध्यांनी ते मनात वाजवून बघितलं असेल, खोटं नाणं बघतात तसं. राग नाही. सवय आहे.

गाणं चांगलं आहे. "तू खरं सांगतोस तेव्हाही" या ओळीसाठी त्या मुलीचे पाय धरावेसे वाटले. म्हणजे ती बाई कबूल करतेय की तो कधीकधी खरं सांगतो, आणि तिला ते कळतंही. माझ्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

---

मध्यलय | बुधवार, सकाळी ७:०२

अर्धा_कप, वाचलं. बाकी काही लिहीत नाही.

---

सांताक्रूझचा_बाबा | बुधवार, सकाळी ७:३०

विलेपार्ल्याच्या बाजूला आलात तर चहाला या. पूर्ण कप देऊ.

---

जुनाजाणता | बुधवार, सकाळी १०:१५

कालच्या प्रतिसादात माझा सूर चढा लागला. शिट्टी पुन्हा ऐकली. असू दे, राहू दे.

त्या मुलीला मदत करायची तर काय करायचं? नुसतं ऐकून तिला काही मिळतं का?

---

कांदाभजी | बुधवार, सकाळी ११:३६

जुनेजाणते, लाख बोललात. भाऊ याच धंद्यात कडमडतोय म्हणून थोडं ठाऊक आहे. स्पॉटिफायवर २०२४ पासून नियम असा, की आधीच्या बारा महिन्यांत गाणं किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचा पैसा मिळत नाही. शून्य. म्हणजे या धाग्यावरच्या मंडळींनी नुसतं रोज कुकर लावताना लावलं तरी फरक पडेल. हजार झाले म्हणजे बंगला होतो असं नाही, मिळतात ते वडापावाचे पैसे, पण तिचा आकडा सुरू होतो.

दुसरं, ती स्वतः लिहिते नि चाल लावते, तर तिने आयपीआरएसची सभासद व्हावं. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी १९६९ सालची संस्था आहे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही, पण मागायला कुठेतरी नाव तर हवं. नवीन पोरं हे करत नाहीत. भावानेही केलेलं नाही, तीन वर्षं मी ओरडतेय.

आणि प्रत्यक्ष कार्यक्रम असेल तर तिकीट काढून जा. पासवर नको.

---

चौथी_सीट | बुधवार, दुपारी १:५०

गाण्याखाली तिने लिहिलंय, रविवारी खारला एका कॅफेच्या माळ्यावर गातेय. चाळीस खुर्च्या. मी दोन तिकिटं काढली. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

एक कबुली देते, अर्धा_कप यांनी एवढं लिहिल्यावर गप्प बसणं बरं नाही. सहा वर्षांपूर्वी मी नवऱ्याचा फोन तपासला होता. तो अंघोळीला गेल्यावर, सलग काही महिने. बादली भरल्याच्या आवाजावरून वेळ मोजायचे. काही नव्हतं. त्याला कळलं की नाही माहीत नाही. त्याच सुमारास त्याने फोन पालथा ठेवायला सुरुवात केली. तेव्हापासून मी हात लावलेला नाही नि त्याने उताणा ठेवलेला नाही.

---

काळा_कोट | बुधवार, दुपारी २:२०

तिकिटं काढलीत हे उत्तम. गाणं घरी ऐकवू नका, तिथेच ऐकू दे.

---

चौथी_सीट | सोमवार, रात्री ११:३८

वृत्तांत मागणाऱ्यांसाठी.

माळा भरला होता, पंखे दोन, घाम सगळ्यांना. बाहेर पाऊस, आणि दाराशी प्लास्टिकच्या बादलीत सगळ्यांच्या छत्र्या. मुलगी पंचविशीची असेल, कॉटनचा कुर्ता, हातात कागद. ट्रेनमधली मैत्रीण व्हिडिओ काढत होती, तिने मला ओळखलं नाही. सूरपेटी नि मध्यलय, तुमचा प्रश्न मध्यंतरात विचारला. म्हणाली, "मारवा शिकत होते, बाई म्हणाल्या तुझा पूरिया होतोय, तसंच ठेवलं." दोघांनी अर्धा अर्धा वाटून घ्या. शिट्टीचं विचारायचं धाडस झालं नाही.

छत्रीचं गाणं सगळ्यात शेवटी. नवरा मांडीवर ताल धरून ऐकत होता, त्याला सात मात्रा सापडेनात. 'कुठं'वर ती थांबली तेव्हा टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणालाच कळलं नाही, दोन-तीन सेकंद बादलीत ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं.

परतताना दादरला गाडी बदलली. खिडकी मिळाली, दोघांनाही. तेव्हा मी विचारलं, "काय वाटतं? तो खोटं बोलतोय का?" वेधशाळेपासून भरतमुनींपर्यंत इथे झालेलं सगळं त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. कुर्ला गेलं, विद्याविहार गेलं. मग म्हणाला, "पण छत्री त्याचीच होती कशावरून?"

एवढ्या प्रतिसादांत हे आपल्यापैकी एकालाही सुचलं नाही. ऑफिसच्या बादलीतून दुसऱ्याची ओली छत्री उचलून आला असेल. नाही तर कुणाच्या तरी छत्रीतून आला असेल. गाण्यात दोन्हीला जागा आहे, मी घरी येऊन शब्द तपासले.

त्याला हे कसं सुचलं, ते मात्र विचारलेलं नाही.

---

ढ_मुलगा | सोमवार, रात्री ११:४४

ताई, तुमच्या घरी आत्ता किती छत्र्या आहेत?

---

चौथी_सीट | सोमवार, रात्री ११:५१

तीन. मोजून आले.